पाच वर्षांच्या मुलासाठी कोणता संच आणावा?

घरीच बालवर्ग चालवू पाहणाऱ्या पालकांपुढच्या साहित्याचा आढावा

मोठ्या शिशुवर्गाचं वर्ष मुलानं घरीच काढावं असं ठरवणारी घरं आपल्याकडे थोडीच आहेत, पण आता त्यांचं कुणाला नवल वाटत नाही. कुणाला बालवर्गाची फी डोईजड होते, कुणाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, कुणाचं मूल एका जागी बसवलं की कोमेजतं, तर कुणाला चार-पाच वर्षांच्या पोरांना गृहपाठ देणं मुळातच पटत नाही. कारण कोणतंही असो, निर्णय झाला की प्रश्न उभा राहतो तो खरेदीचा. अमेरिकेतून मागवता येणारी वर्षभराची तयार पेटी, मॉन्टेसरीची लाकडी साधनं, दर महिन्याला कुरिअरनं येणारे खेळांचे डबे, स्टेशनरीच्या दुकानातली गिरवायची पुस्तकं, फोनवरची ॲप्स आणि सरकारनं फुकट उपलब्ध करून दिलेलं साहित्य. पर्याय इतके की निवडीतच पालक थकून जातात.

हा पसारा पाहताना सुरुवातीला एक कसोटी हाताशी ठेवावी. घरी शिकवण्याचा शाळेपेक्षा निर्विवाद फायदा एकच आहे, तो म्हणजे एका मुलामागे एक मोठं माणूस. तीस मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येकाशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलता आली तरी पुष्कळ. घरात मात्र तासभर गप्पा होऊ शकतात. पुढे वाचलेलं समजण्यासाठी जो शब्दसाठा लागतो, तो याच गप्पांतून येतो. तेव्हा पेटी उघडण्याआधी विचारावं, की ही वस्तू पंधरा मिनिटं वापरली तर मूल आणि मोठं माणूस एकमेकांशी किती बोलतील?

आधी कायद्याची धास्ती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा या वयोगटासाठी आहे. तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचा उल्लेख त्याच्या ११ व्या कलमात आहे, पण तिथे सरकारनं सोय करावी एवढीच अपेक्षा व्यक्त केली आहे. मुलावर किंवा पालकांवर सक्ती नाही. म्हणून पहिलीच्या आधीचं वर्ष घरी काढण्यात कायद्याची आडकाठी येत नाही. सहा वर्षांनंतरही घरीच शिकवायचं असेल तर प्रश्न वेगळा होतो. त्याबाबत कायदा स्पष्ट बोलत नाही, आणि तो निर्णय बालवर्गाच्या साहित्याबरोबर उरकण्यासारखा नाही.

दुसरी धास्ती पहिलीच्या प्रवेशाची. 'मुलाला शंभरपर्यंत अंक आणि एबीसीडी लिहिता आली नाही तर शाळा घेईल का?' या एका भीतीपोटी घरोघरी गिरवायच्या पुस्तकांचे ढीग येतात. याच कायद्याच्या १३ व्या कलमानं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, एवढं लक्षात ठेवून बाकी ठिकाणी पालकांनी निर्धास्त असायला हरकत नाही.

आणि अपेक्षा तरी किती असावी? केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात बालवाटिकेच्या, म्हणजे पाच ते सहा वयाच्या मुलांकडून काय अपेक्षित आहे ते लिहिलेलं आहे. अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, दहापर्यंतचे अंक ओळखणं, वस्तू आणि आकार क्रमानं लावणं. नव्याण्णवपर्यंतची मजल त्यात पहिलीसाठी ठेवली आहे. '१ ते १००' असं मुखपृष्ठावर मिरवणारं शिशुवर्गाचं पुस्तक हातात घेताना हे डोक्यात असलेलं बरं.

मॉन्टेसरी, आणि कोसबाड

घरी शिकवणाऱ्यांत मॉन्टेसरीच्या साधनांचं आकर्षण मोठं आहे आणि ते अकारण नाही. लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि त्यांत बसणारी दहा लाकडी नळकांडी हे त्यातलं एक साधन. प्रत्येक नळकांड्याला वर धरायला गुंडी. एखादं चुकून मोठ्या भोकात गेलं, तर शेवटी एक नळकांडं असं उरतं की ते कुठेच बसत नाही. 'चुकलं' असं कुणी म्हणावं लागत नाही. मूल स्वतःच सगळी काढून पुन्हा लावत बसतं. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा गुलाबी मनोराही तसाच.

वरची आपली कसोटी इथे अपुरी पडते. ही साधनं घडवली आहेत तीच मुलानं एकट्यानं, गप्प राहून रमावं म्हणून. तेही हवंच. घरी शिकवणाऱ्या आईला स्वयंपाक असतो, बाबांची ऑनलाइन मीटिंग असते, आजीला दुपारी पडायचं असतं. म्हणून कसोटीला जोड द्यावी लागते. चांगलं साहित्य एक तर दोघांना बोलतं करतं, नाहीतर मुलाला मोठ्यांवाचून रमवतं. टाळायचं ते तिसऱ्या जातीचं, जे मोठ्याला शेजारी बसवतं पण निव्वळ पहारा द्यायला.

अडचण किमतीची. अस्सल साधनांचा पूर्ण संच एका मुलासाठी घेणं बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि त्यातलं पुष्कळसं मूल चार महिन्यांत मागे टाकतं. या अडचणीवरचं उत्तर महाराष्ट्रात फार आधी शोधलं गेलं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, गारगोट्या आल्या. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत हे सगळं त्यांतून शिकता येत होतं.

शहरातल्या फ्लॅटमध्येही यातलं बरंच जमतं. मिसळलेले राजमा आणि छोले वेगळे करणं, डब्यांना झाकणं लावून पाहणं, चिंचोक्यांच्या राशी करणं, पुठ्ठ्यावर डिंकानं रवा चिकटवून केलेल्या अक्षरावरून बोट फिरवणं. विकत घ्यायचंच असेल तर बांधकामाचे साधे लाकडी ठोकळे घ्यावेत. ते सर्वांत जास्त टिकतात आणि आठव्या वर्षीही खेळात असतात.

सरकारी साहित्य

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तकं नकोत, खेळ, गोष्टी, गाणी आणि वस्तूंमधून शिकू द्यावं, अशी त्याची सरळ भूमिका आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच धर्तीवर 'जादुई पिटारा' आला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते, तक्ते, गोष्टींची पुस्तकं असं साहित्य आहे, तेही तेरा भारतीय भाषांत. त्याचं डिजिटल रूपही उपलब्ध आहे. २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला.

ही कागदपत्रं अंगणवाड्या आणि शाळांसाठी लिहिलेली आहेत. गोलात बसून खेळायचे बरेच खेळ एकट्या मुलाबरोबर होत नाहीत, आणि भाषाही अधूनमधून शासकीय वळणावर जाते. पण वर्षात काय काय यावं याचा नकाशा म्हणून ती कोणत्याही विकतच्या संचाइतकीच भरवशाची आहेत, आणि फुकट आहेत. 'माझ्याकडून काही राहून तर जात नाही ना?' ही घरी शिकवणाऱ्यांची कायमची टोचणी असते. ती शमवायला एवढा नकाशा पुरतो.

परदेशी पेट्या

अमेरिकेत घरी शिकवण्याच्या साहित्याचा व्यापार जुना आहे. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घरपोच अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली होती. आज तिथे शेकडो पर्याय आहेत. अबेका आणि सोनलाइट ही त्यातली मोठी नावं ख्रिस्ती धर्मशिक्षणाला धरून आहेत. ओक मेडो वॉल्डॉर्फ विचाराकडे झुकलेला आहे. 'फाइव्ह इन अ रो' या पद्धतीत एकच चित्रपुस्तक सलग पाच दिवस वाचतात आणि दर दिवशी त्यातून वेगळा विषय काढतात. यांतली सगळ्यात उसनी घेण्याजोगी कल्पना हीच, कारण ती घ्यायला काही विकत आणावं लागत नाही. मराठी पुस्तकाबरोबरही ती तितकीच चालते.

अख्खी पेटी मागवण्याआधी मात्र नमुन्याची पानं नीट पाहावीत. पैशांच्या धड्यात पेनी, निकेल, डाइम असतात. ऋतूंच्या धड्यात पानगळ आणि बर्फ असतो, पावसाळा नसतो. मापं इंचांत असतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घराला हे सोयीचं आहे. तिथे उलट मराठीची बाजू भरून काढावी लागते आणि त्यासाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या मुलासाठी मात्र निम्मी पानं समजावण्यातच वर्ष जाईल.

या पेट्यांचा एक गट शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचं नाव लावतो. त्यांचं स्वतःचं मत असं होतं, की पहिल्या सहा वर्षांत औपचारिक धडे देऊच नयेत. मुलाला उघड्यावर फिरू द्यावं. त्यांच्या नावानं बालवर्गाचा वर्षभराचा अभ्यासक्रम विकला जातो, ही गंमत खरेदी करणाऱ्यानं जाणून असावी.

आपल्याकडचे महिनेवारी डबे हा या परदेशी पेट्यांचाच देशी अवतार. डबा उघडण्याचा आनंद मोठा असतो. पण कापून ठेवलेले तुकडे दाखवलेल्या जागी चिकटवणं हेच काम असेल तर ते अर्ध्या तासात संपतं आणि पुढे टेबलावर धूळ खात बसतं.

मराठी वाचन : अक्षरं आणि पुस्तकं

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो, कारण बाजारातलं बरंचसं साहित्य इंग्रजीच्या साच्यावर बेतलेलं असतं. तक्त्यावर अ ते ज्ञ ओळीनं आणि प्रत्येकापुढे चित्र. ही पद्धत 'ण' आणि 'ळ' पाशी अडते, कारण या अक्षरांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. मग बाणाचा ण आणि बाळाचा ळ घ्यावा लागतो. मुलानं आत्तापर्यंत चित्राचा पहिला आवाज ऐकायची सवय लावून घेतलेली असते, आणि अचानक शेवटचा ऐकायला सांगितलं जातं. शिवाय सगळी अक्षरं आणि मग बाराखडी संपेपर्यंत मुलाला एकही वाक्य वाचायला मिळत नाही.

दुसरी वाट अक्षरगटांची. ओळीचा क्रम सोडून, ज्यांतून लगेच शब्द होतील अशी थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा आधी घ्यायची. फक्त म, क, र आणि काना एवढ्यावर पाहा. काका, मामा, काम, कर, मार, करा, मका असे शब्द होतात, आणि 'मामा, काम करा' हे पुरं वाक्यसुद्धा. पहिल्याच आठवड्यात मूल मामाला हुकूम सोडतं. इथेच त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'काम' मधला म पूर्ण म्हटला जात नाही, 'मका' मधला म्हटला जातो. हे नियम म्हणून सांगायची गरज नाही, पण मुलाला ते ऐकू येईपर्यंत थांबायला हवं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळ सोनाळे इथे नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेनं मराठी मुलांच्या आरंभिक वाचनावर दीर्घकाळ काम केलं आहे. घरी शिकवणाऱ्यांनी विकतच्या तक्त्याआधी ते पाहावं.

अक्षरांपेक्षा महत्त्वाची आहेत ती वाचून दाखवायची पुस्तकं. इथे मराठी घरांचं नशीब बरं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकेतली पुस्तकं रोजच्या घरातली आहेत. त्यातली माणसं खरी वाटतात आणि चित्रांत शब्दांपलीकडचं पुष्कळ घडत असतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' वर मराठी गोष्टी पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत. त्या फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी बालपुस्तकांचा मोठा साठा आहे.

पुस्तक निवडताना एक चित्र उघडून मुलापुढे धरावं आणि गप्प बसावं. चांगल्या चित्रात मुलाला विचारण्यासारखं काही सापडतंच. 'हा कुत्रा बाकाखाली का बसलाय?' 'तुला काय वाटतं?' 'त्याला पावसाची भीती वाटते.' 'मग त्याचं घर कुठे असेल?' ही चार वाक्यं झाली की पुस्तकानं आपलं काम केलं. ज्या पुस्तकात हत्तीचं फोटोछाप चित्र आणि खाली 'हत्ती' एवढंच असतं, तिथे बोलणं एका शब्दात संपतं.

इंग्रजीची घाई

इंग्रजी वाचनासाठी ध्वनिपद्धतीचं साहित्य भरपूर आहे. 'जॉली फोनिक्स' मध्ये ४२ आवाज सात गटांत शिकवतात. पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं येतात, म्हणजे अक्षरगटाचीच कल्पना. १९८३ चं 'टीच युअर चाइल्ड टु रीड इन १०० ईझी लेसन्स' हे पुस्तकही लोकप्रिय आहे. त्यात पालकांनी काय बोलायचं ते शब्दन् शब्द लाल अक्षरांत छापलेलं असतं. ज्याला शिकवायचा आत्मविश्वास नाही त्याला हे फार सोयीचं आहे. पण ज्याच्याशी गप्पा मारायच्या त्याच्यापुढे संहिता वाचून दाखवणं लवकर कंटाळवाणं होतं.

मुलाला जी भाषा बोलता येत नाही, त्या भाषेतले शब्द फोडून वाचायला शिकवणं म्हणजे अर्थावाचून आवाज जोडायला लावणं. घरात मराठी बोलत असाल तर या वर्षी इंग्रजी गाणी, गोष्टी आणि बोलणं पुरे. एकदा मराठीत वाचनाची किल्ली सापडली की ती इंग्रजीलाही लागते.

गणित : आकड्यांच्या नावांचा तिढा

मराठी आकड्यांची नावं मुलांना जड जातात याला कारण आहे. 'चोवीस' म्हणताना चार आधी येतात, लिहिताना दोन आधी. म्हणून मुलं ४२ लिहितात. 'एकोणतीस' मध्ये तीस ऐकू येतात आणि आकड्यात तीन कुठेच नसतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण मांडली होती. वाद बाजूला ठेवला तरी बालवर्गासाठी धडा स्पष्ट आहे. शंभरपर्यंत घोकंपट्टी करणाऱ्या साहित्याची गरज नाही. वीसपर्यंतच्या वस्तू हाताळता येणं पुरे.

यासाठी दर दहा मण्यांनंतर रंग बदलणारी शंभर मण्यांची माळ हे उत्तम साधन. ती घरी ओवता येते, आणि ओवतानाच निम्मं गणित होतं. 'आठव्या मण्यापासून दहापर्यंत किती?' हे मूल बोट ठेवून सांगतं. सापशिडी, फासे, पत्ते आणि सागरगोटे यांच्याइतकं मोजायला लावणारं विकतचं साहित्य क्वचितच सापडेल. फाशावरचे पाच ठिपके न मोजता 'पाच' म्हणता येणं ही या वयाची खरी कमाई आहे.

गिरवणं आणि पडदा

आता पहारा मागणारं साहित्य. गिरवायच्या पुस्तकाचं एक पान पाहा. ठिपक्यांचा 'क' वीस वेळा. पहिले तीन मूल मन लावून काढतं, दहाव्यापासून रेघ ठिपके सोडते, पंधराव्याला पेन्सिल आडवी पडते. शेजारच्या मोठ्यांच्या तोंडी राहतं ते 'नीट काढ' आणि 'संपव आधी'. या वयात बोटांत बळ यायला कणीक मळणं, कात्रीनं कापणं, मोती ओवणं, ठिपक्यांची रांगोळी हे जास्त उपयोगी आहे. अक्षर काढायची हौस आली तर मोठी पाटी आणि खडू द्यावा. पाटीवर मोठं काढता येतं आणि पुसताही येतं.

पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं चांगलं, असं म्हटलं आहे. पाचव्या वर्षीही तेच धोरण ठेवायला हरकत नाही. 'खान अकॅडमी किड्स' सारखं मोफत आणि जाहिरातीविना चालणारं ॲप वाईट नाही. पण ॲप स्वतःच बोलतं, शाबासकीही स्वतःच देतं. घराची जमेची बाजू तिथे वायाच जाते.

मग आणायचं काय?

पंधरा-वीस चांगली मराठी चित्रपुस्तकं आणि जवळच्या ग्रंथालयाचं सभासदत्व. लाकडी ठोकळे. पाटी, खडू, कात्री, रंग आणि कोरे कागद. मण्यांची माळ, फासे, पत्ते. वर्षाचा अंदाज घ्यायला सरकारी अभ्यासक्रमाची एक प्रत. मुलाच्या उद्गारांची आणि चित्रांची तारखेसह वही, म्हणजे प्रगती दिसेल आणि घाबरून नवा संच मागवायची वेळ येणार नाही. मूल एकुलतं असेल तर उरलेला पैसा आणि वेळ आणखी साहित्यापेक्षा इतर मुलांच्या सहवासासाठी राखून ठेवावा, मग ते बालभवन असो वा सोसायटीचं मैदान. ती उणीव कोणतीही पेटी भरून काढत नाही. मूल बोलण्यात, ऐकण्यात किंवा चालण्यात मागे वाटत असेल तर साहित्याआधी बालविकासाच्या तज्ज्ञांकडे जावं.

एक उणीव मात्र पालकांच्या हातातली नाही. वाचून दाखवायला मराठीत सुंदर पुस्तकं आहेत. मुलानं स्वतः वाचावीत अशी, मोजक्या अक्षरगटांत रचलेली आणि तरीही गोष्ट म्हणून मजेदार अशी छोटी पुस्तकं फार थोडी आहेत. 'मामा, काम करा' नंतर वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच आठवड्यात पडतो, आणि सध्या त्यानं रात्री बसून स्वतःच चार पानं लिहून काढावीत एवढंच उत्तर आहे. प्रकाशकांनी आणि बालसाहित्य लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं तर दोन-तीन वर्षांत ही जागा भरून निघेल. तोवर परदेशी पेटीवर खर्चायचे पैसे मराठी चित्रपुस्तकांवर खर्च झाले, तर अशी पुस्तकं काढायला प्रकाशकालाही बळ येईल.